स्टँडवर झोपणाऱ्यांना रविवारी जेवण द्यायचं आहे, कसं करावं?

वाडीकर_९९

नमस्कार मंडळी. मी सावंतवाडीचा. आमच्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, युवा गटाने नाताळात घरोघरी कॅरल म्हणत फिरून १८ हजार रुपये जमवले. दरवर्षी त्या पैशांतून सहल निघते. यंदा गटातल्या दोघी-तिघींनी विषय काढला की एसटी स्टँडवर आणि मोती तलावाच्या कडेला माणसं उघड्यावर झोपतात, त्यांच्यासाठी काहीतरी करूया. मग एका रात्री आम्ही फिरून आलो. स्टँड, तलाव, बाजार, मळगावचं रेल्वे स्टेशन, सगळं धरून अकरा जण दिसले.

बेत असा आहे: दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की चिकन बिर्याणीची पाकिटं आणि पाण्याची बाटली द्यायची. पहिल्या खेपेला प्रत्येकाला एक ब्लँकेट. फादर म्हणाले, "करा, पण हे काम केलेल्या कोणाला तरी आधी विचारा." म्हणून इथे लिहितोय.

डोक्यात तीन-चार गोष्टी घोळतायत. दुबईला असलेले एक अंकल दर महिन्याला पैसे पाठवायला तयार आहेत, पण त्यांना वाटपाचे फोटो हवेत. दुसरं, गटातल्या काहींच्या आई-वडिलांना भीती वाटते की ख्रिस्ती पोरं जेवण वाटताना दिसली तर कोणीतरी धर्मांतराचा विषय काढणार. आणि तलावाजवळ एक बाई बसते, मोठं गाठोडं घेऊन. जवळ गेलं की ओरडते, दगडही उचलते. तिच्या बाबतीत काय करायचं ते कोणालाच सुचत नाहीये.

अपडाऊन_पणजी

चांगला विचार आहे रे. पण विकतची बिर्याणी घेऊन १८ हजार किती दिवस पुरणार? मे महिन्यात लग्नांचा सीझन, हॉलवाल्यांशी बोलून ठेवा. प्रत्येक लग्नात ढीगभर जेवण उरतं.

सडेतोड

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आधी जेवण, मग प्रार्थना, मग पुस्तक. असं होताना पाहिलंय. माणुसकीच असेल तर चर्चच्या नावाने कशाला? नुसती पोरं म्हणून जा ना.

निवृत्त_कंट्रोलर

झिला, मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, आता घरी बसून आहे. आमच्या पॅरिशच्या एसव्हीपीत, म्हणजे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत, नोकरीत असल्यापासून आहे. त्यामुळे स्टँडवर झोपणारी माणसं मी दोन्ही अंगांनी पाहिली. फलाट धुवायच्या वेळी त्यांना उठवणं हे माझ्या ड्युटीत होतं, आणि ड्युटी संपली की त्याच माणसांकडे पेजेचा डबा घेऊन जाणं हे एसव्हीपीत. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

तुझी पोस्ट वाचताना मी त्या अकरावर थांबलो. मुंबईत दादर-कुर्ल्याला एका पुलाखाली दीडशे माणूस असतो. तिथे रांग लावून पाकिटं वाटण्यावाचून इलाज नाही. अकरा माणसांना रांग कशाला? अकरांची तर धड पंगतसुद्धा होत नाही. अकरा माणसांची नावं पाठ होतात, कोणाला दात नाहीत, कोणाला साखरेचा आजार आहे, कोण डाव्या कानाने बहिरा आहे, हे सगळं लक्षात राहतं. मुंबईच्या संस्थांचे व्हिडिओ बघून काम ठरवू नकोस. त्यांना जे करायची इच्छा असूनही जमत नाही ते आपल्या गावात जमण्यासारखं आहे.

आता रविवार. रविवारी सगळेच देतात रे. कोणाचा वाढदिवस असतो, कोणाचं श्राद्ध, कोणी मुंबईकर चाकरमानी सुट्टीवर आलेला असतो. गुरुवारी साईबाबांचा प्रसाद असतो, संकष्टीला काहीतरी असतं. आमच्या स्टँडवर सोमवार-मंगळवार कोरडे जायचे. तुमच्याकडे कोणता वार कोरडा जातो ते त्या माणसांनाच विचार, ते अचूक सांगतील. वेळही विचार. दुपारी बाराला ही माणसं जागेवर नसतात, बाजारात कुठेतरी हमाली नाहीतर भंगार गोळा करत असतात. आमची वेळ रात्री साडेआठ. तोवर खेड्यांच्या वस्तीच्या गाड्या सुटलेल्या असतात, कॅन्टीन आवरलेलं असतं, फलाट रिकामा होतो आणि ज्यांना कुठेच जायचं नाही तेवढेच उरतात. एकदा वार आणि वेळ ठरली की मग पाऊस असो नाहीतर मॅच असो, जायचंच. पेज करायला कोणी नसेल तर पाव घेऊन जा. पावही नसेल तर रिकाम्या हाताने जा आणि "आज काय नाय हा" असं सांग. एक मंगळवार चुकवलास की पुढचे चार मंगळवार ते तुझ्याकडे परक्यासारखे बघतात.

बिर्याणी नको. पैशांचा मुद्दा सोडच. चार-पाच दिवस पोटात काही नसलेल्या माणसाला एकदम जड आणि भरपेट खायला दिलं तर रक्तातले क्षार बिघडतात आणि ते जिवावरही बेतू शकतं. डॉक्टर मंडळी थोडं थोडं द्यायला सांगतात ते उगाच नाही. दुसरं, म्हाताऱ्यांना दात नसतात, हाडं चावणार कशी? आपल्याकडे उकड्या तांदळाची पेज आहे ना! वर मीठ, लोणच्याची फोड, ज्याला चालतं त्याला भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. पेज पोटाला जड पडत नाही, पाण्याचीही भरपाई होते आणि मापात देता येते. पाकिटापेक्षा टोपातून वाढलेलं बरं. वाढायला लागलं की "अजून घाल", "पुरे" असं बोलणं होतं. पाकीट हातात दिलं की तो तिकडे आणि आपण इकडे.

लग्नाच्या उरलेल्या जेवणाबद्दल वरच्या भाऊंनी लिहिलंय. विचार वाईट नाही, पण आपल्याकडे रश्शात ओल्या खोबऱ्याचं वाटण असतं. मे महिन्याच्या दमट हवेत दुपारी एकचा रस्सा रात्री आठला नाकाजवळ नेऊन बघा. भात आणि सुकी भाजी घ्या, रस्सा नको. शिवाय उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत, त्यात नोंदणी, स्वच्छता, वाहतूक सगळं येतं. नियमित करणार असाल तर ते आधी समजून घ्या. कोणाला जुलाब झाले की पहिलं बोट तुमच्याकडे जाईल.

ब्लँकेट तर अजिबात नको. आंबोली सोडली तर आपल्या पट्ट्यात थंडी ती किती! नाताळात सगळ्यांना ब्लँकेटं आठवतात कारण चित्रात बर्फ असतो. आपली माणसं मरतात पावसात. जूनमध्ये फलाटावर पाणी आत येतं, ते ब्लँकेट भिजून दहा किलोचं होतं, कुबट वास मारतं आणि शेवटी कचऱ्यात जातं. पायाला चीर पडलेली, त्यात साचलेलं पाणी, पुढे लेप्टोचा ताप. तुमच्या १८ हजारांतले निम्मे मृगापर्यंत हात न लावता ठेवा. तेव्हा ताडपत्रीचे तुकडे, रबरी चपला, दोन-दोन लुंग्या किंवा गाऊन आणि ते कोरडे राहायला जाड प्लास्टिकच्या पिशव्या घ्या. चपला माप बघून. आमच्या एका बाईने एकदा सरसकट आठ नंबर आणले होते, म्हाताऱ्या त्यात घसरून पडल्या असत्या.

न्हाव्याला बोलव. हे कोणाच्या मनात येत नाही. दाढी-केस कापलेल्या माणसाला हॉटेलवाला बाकावर बसू देतो, काम देतो. नखं कापायची कात्री, अंगाचा साबण आणि स्टँडच्या संडास-आंघोळीचे पैसे, एवढ्यावर जेवढा फरक पडतो तेवढा बिर्याणीने पडत नाही.

आता एक गोष्ट सांगतो. सिंधुदुर्गातल्याच एका स्टँडवर मी असताना एक म्हातारा शेवटच्या फलाटावर असायचा. बोलायचा नाही. नाव नाही, गाव नाही, विचारलं तर मान फिरवायचा. पेज घ्यायचा, वाटी धुऊन द्यायचा, बस. बरेच महिने असे गेले. कंट्रोल केबिनमधून मी दिवसभर गाड्या पुकारायचो. एकदा लक्षात आलं की "आंबोली, आजरामार्गे गडहिंग्लज" म्हटलं की हा उभा राहतो. गाडीकडे जात नाही, फक्त उभा राहतो आणि गाडी सुटली की बसतो. कणकवलीला नाही, मालवणला नाही, बेळगावलाही नाही. मग मी मुद्दाम त्या मार्गावरची आणि आसपासची गावं एकेक करून माइकवर म्हणायला लागलो, गाडी नसतानाही. लोक हसायचे, कंट्रोलरचं डोकं फिरलं म्हणायचे. उत्तूर म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी. पुढचं काम ड्रायव्हर-कंडक्टरांनी केलं. त्यांनी तिकडच्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर वर्णन सांगितलं आणि पंधरवड्यात भाऊ आला. भाऊ आला, बघितलं, आणि "आमच्याकडे जागा नाही" म्हणून निघून गेला. महिन्याभराने बहिणीचा मुलगा आला, तो घेऊन गेला. पावसाळ्यात म्हातारा परत आमच्या फलाटावर. आला तो आला. मग त्याला आम्ही आधार केंद्रावर नेऊन बघितलं, बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघाले, त्यावरून पुढे निराधार पेन्शनचं मार्गी लागलं. हे सगळं पेज देता देता झालं. पेज नसती तर मी त्याच्या उभं राहण्याकडे बघितलंही नसतं, स्टँडवर हजार माणसं उभी राहतात.

धर्माचं. सडेतोड साहेब, तुमचा प्रश्न रास्त आहे, मी रागावत नाही. तुम्ही म्हणता तसं करणारे असतीलही. पण आमच्याच घरातून याला मनाई आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांचं पहिलं परिपत्रक २००५ च्या नाताळाच्या तारखेचं आहे. त्यात त्यांनी साफ लिहिलं की परोपकार हे धर्मप्रसाराचं साधन करायचं नाही, प्रेम फुकट असतं, त्याच्या आडून दुसरं काही साधायचं नसतं. आमच्या टोपाबरोबर पत्रक जात नाही, तसबीर जात नाही, जेवणाआधी प्रार्थना म्हणायला लावत नाही. कोणी स्वतःहून "तुम्ही कोण?" विचारलं तर "चर्चची माणसं" असं खरं सांगतो. लपवायचं कशाला? लपवलं तर उलट तुम्हालाच जास्त संशय येईल. आमच्या वाटपात गणपती मंडळाचे दोन पोरगे असतात आणि एक रिक्षावाला मुसलमान आहे. तो रमझानात दिवसभर रोजा धरून थकलेला असतानाही पेज वाढतो, त्याला आम्ही शंभर वेळा "बस तू" म्हटलं असेल.

फोटो. झिला, एसव्हीपीच्या प्रत्येक बैठकीत एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकजण मूठ आत घालतो. कोणी शंभर टाकले, कोणी पाच, कोणी नुसती मूठ उघडून बाहेर काढली, शेजाऱ्यालाही कळत नाही. देणाऱ्याची एवढी लाज आम्ही राखतो, मग घेणाऱ्याचं तोंड मोबाइलवर दाखवायचं? दुबईच्या अंकलना तांदळाचं बिल, चपलांचं बिल आणि धुतलेल्या टोपाचा फोटो पाठव. त्यावर भागलं तर उत्तम. नाही भागलं तर त्यांचे पैसे घेऊ नकोस.

जाताना जोडीने जा, एकट्याने कधीच नाही. हा आमच्या सोसायटीचा जुना नियम आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती सुरू केली, म्हणजे तुझ्याच वयाची पोरं. वादसभेत कोणीतरी टोमणा मारला होता की तुम्ही ख्रिस्ती लोक आज गरिबांसाठी करता काय? पोरं उत्साहात निघाली, पण कुठे जायचं ते माहीत नाही. सिस्टर रोझली रँदू त्या वस्तीत आधीपासून काम करत होत्या, त्यांनी घरं दाखवली. तुम्हालाही कोणीतरी दाखवणारं लागेल. स्टँडवर रात्री झाडू मारणारा कामगार आणि पहाटेचा चहावाला या दोघांशी आधी मैत्री कर. अकरा जणांत कोण खरंच बेघर, कोण बायकोशी भांडून आलाय, कोण गोव्याहून दारू पिऊन येताना शेवटची गाडी चुकलेला, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

त्या बाईबद्दल मला कमी कळतं. एवढंच सांगतो की तिच्याकडे फक्त मुलींना पाठव, उजेड असताना, आणि गाठोड्याला हात लावू देऊ नकोस. बाकी कोणीतरी जाणकार सांगेल.

मिऱ्यावरून

मी रत्नागिरीची, मानसिक आरोग्याच्या कामात आहे. काकांनी सोडलेला धागा उचलते.

तिचं ओरडणं, दगड उचलणं हा बहुतेक बचाव आहे. रस्त्यावर एकटी राहणाऱ्या बाईला रात्री काय काय सोसावं लागतं ते लिहायची गरज नाही. लांबूनच बसा, तिच्या नजरेच्या रेषेत, स्वतः काहीतरी खा. वाटी मधल्या अंतरावर ठेवा आणि निघा. तिने खाल्लं की नाही ते वळून बघू नका. बरेच दिवस एवढंच.

आजार आहे असं वाटलं तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १०० वाचून ठेवा. रस्त्यावर भटकणारी, मानसिक आजार असल्याचा संशय असलेली व्यक्ती स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तर तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणं हे पोलीस ठाण्याचं काम आहे. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, कोणत्याही परिस्थितीत. व्यक्ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून नातेवाईक शोधणंही त्यांच्याकडेच येतं. कलमाचा छापील कागद घेऊन गेलात तर बोलणं सोपं होतं. तुमच्यासाठी पहिली जागा ओरोसचं जिल्हा रुग्णालय. पुढे गरज पडली तर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी चारच आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि आमचं.

फोनवर सल्ला हवा असेल तर टेली-मानस १४४१६, बाईच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर १८१, एकट्या वृद्धांसाठी १४५६७. कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे, डॉ. भरत वाटवानींचं, २०१८ ला मॅगसेसे मिळाला ते. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवतात. आणि तुमच्या अगदी जवळ, कुडाळ तालुक्यात पणदूरला संविता आश्रम आहे. त्यांच्याशी बोलून या, तुमच्या अकरांतले एक-दोघं त्यांच्या ओळखीचेही निघतील.

एक विनंती: पोरांनी तिला "वेडी" म्हणायचं नाही, आपसातसुद्धा नाही.

वाडीकर_९९

काका, ताई, खूप आभार. काल रात्री तिघं जण नुसतेच स्टँडवर गेलो, काही न घेता. झाडूवाल्या मामांनी सांगितलं की अकरांतले चौघं चिरेखाणीवरचे कामगार आहेत. खाण बंद पडली, मुकादम पैसे न देता गेला, विजापूरकडचे आहेत. त्यांना जेवणापेक्षा घरी जायचंय! आम्ही त्यांना भिकारी समजून बिर्याणी देणार होतो. कोरडा वार आमच्याकडेही मंगळवारच निघाला. ब्लँकेटचा बेत रद्द. अंकलना फोन केला, ते जरा नाराज झाले, "बघतो" म्हणाले.

त्या चौघांचं काय करू? तिकिटाचे पैसे देऊन टाकू का?

सडेतोड

पत्रक नाही, फोटो नाही म्हणता, बघू. माझी रिक्षा त्याच स्टँडला लागते. नजर ठेवणार.

निवृत्त_कंट्रोलर

ठेवा की साहेब, तेच हवंय. नजर ठेवताच आहात तर रात्री कोणी तापाने फणफणलेला दिसला तर १०८ फिरवा, आमची पोरं मंगळवारीच येणार, तुम्ही रोज असता.

वाडीकर, त्या चौघांना लगेच तिकीट काढून देऊ नकोस. तिकीट दिलंस की मजुरी बुडाली. आधी ओरोसला सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात त्यांना घेऊन जा, मुकादमाचं नाव, खाणीचं ठिकाण, किती दिवस भरले, सगळं कागदावर घालून तक्रारीची पोच घे. बरोबर वकिली शिकणारं कोणी असेल तर उत्तम. त्या चौघांतल्या एकाला तरी हिशेब तोंडपाठ असतो, मजुराला आपले हजेरीचे दिवस माहीत असतात. मग तिकीट. विजापूरला थेट गाडी बघत बसू नका, बेळगावपर्यंत आपली गाडी, पुढे कर्नाटकची. कंडक्टरला चौघं कोण आहेत ते सांगून ठेव, म्हणजे बेळगावला योग्य फलाटावर उतरवून देईल.

आणि टोप भाड्याने आणू नकोस, मंडपवाल्यांचे टोप तळाला करपलेले असतात, पेजेला वास लागतो. आमच्या पॅरिशचा दहा लिटरचा जर्मनचा पडून आहे, झाकणासकट. सोमवारी सकाळच्या मालवण-सावंतवाडी गाडीत ठेवतो. पावती करतो, फुकट पाठवत नाही, नाहीतर कंडक्टरवर मेमो यायचा. स्टँडवर पार्सल खिडकीला विचार, वाढायचे डाव मात्र तुमचे तुम्ही बघा.